संचालक मंडळ एक की दोन?

युरोपियन कंपनी (एसई, म्हणजे युरोपीय संघाच्या कायद्याखालचा कंपनीचा एक प्रकार) म्हणून नोंदणी करताना अनेकांचं इथे अडतं: अमेरिकी धाटणीचं एकच मंडळ घ्यावं, की जर्मन धाटणीची दोन? कायदा दोन्हींना मुभा देतो.

वेगात एकमंडळ पुढे. कारभारी आणि देखरेख करणारे एकाच टेबलाशी बसतात. अमेरिकेत तर सीईओच अध्यक्षही असू शकतो. जर्मनीत एकच माणूस कार्यकारी (कारभार चालवणारं) आणि पर्यवेक्षी (देखरेख करणारं) अशा दोन्ही मंडळांत बसू शकत नाही. महत्त्वाच्या व्यवहारांना पर्यवेक्षी मंडळाची संमती लागते, त्यात वेळ जातो.

खरा फरक कामगारांचा. १९७६ च्या जर्मन कायद्यानुसार २,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत पर्यवेक्षी मंडळाच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षाला दुसरं मत, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचा; म्हणजे बरोबरी पूर्ण नाहीच! कारखाना बंद करणं अवघड होतं, पण कामगारांशी बोलणी आधीच झालेली असतात. एसईत हा वाटा वाटाघाटींनी ठरतो.

देखरेखीत मात्र दोन्ही घसरतात. हिशेबातल्या घोटाळ्यांनी बुडालेल्या कंपन्यांत अमेरिकेची एन्रॉन (२००१) एकमंडळी, जर्मनीची वायरकार्ड (२०२०) द्विमंडळी. पर्यवेक्षकांना माहिती कारभाऱ्यांकडूनच मिळते, तिथेच गोम आहे. लेखापरीक्षकांशी थेट बोलणारी स्वतंत्र समिती कुठेही हवीच.

भांडवल उभारून झपाट्याने दिशा बदलणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीला एकमंडळ सोयीचं. कुशल कामगार आणि लांब पल्ल्याची यंत्रगुंतवणूक असलेल्या उत्पादकाने, किंवा मालकी व कारभार वेगळे करणाऱ्या कुटुंबाने, दोन मंडळं घ्यावीत.