हार्ट्स ऑफ आयर्न फोर : विमानं दिसत नाहीत, तरी विमानयुद्ध कळतंय

दहावीची परीक्षा संपवून माझा चुलत भाऊ सुट्टीला आलाय, तो परवा दहा मिनिटं माझ्या मागं उभारून लॅपटॉपकडं बघत होता आणि शेवटी म्हणला, "दादा, ह्यात विमानं कुठंयत?" मी म्हणलं ते काय, दोन हजार विमानं उडायलीत की बे. त्याला दिसत होता फक्त नकाशा, त्यावर हिरवे-लाल गोल आणि आकडे. तो म्हणला हे तर आमच्या सरांचं एक्सेल आहे, आणि गेला कूलरसमोर मोबाईल घेऊन.

पोरगं चुकीचं बोललं नाही. पण मला हार्ट्स ऑफ आयर्न फोर हा गेम आवडायचं कारणच ते आहे, म्हणून हा रिव्ह्यू.

गेम 2016 चा आहे, मी मागच्या सेलमध्ये स्टीम ह्या गेम विकणाऱ्या साईटवरनं घेतला. 1 जानेवारी 1936 पासून सुरू होतो, कुठलाही देश घ्या, फॅक्टऱ्या लावा, सैन्य उभं करा आणि दुसऱ्या महायुद्धात उतरा. विमानयुद्ध म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, दोन विमानं एकमेकांमागं गिरक्या घेतायत, एक धूर सोडत खाली चाललंय. इथं तसलं काही नाही. आकाशाचे मोठेमोठे तुकडे पाडलेत, तुम्ही विमानांच्या तुकड्या करायच्या, त्या एअरबेसवर ठेवायच्या आणि सांगायचं की ह्या भागात शत्रूची बाँबर अडवा, त्या भागात आपल्या रणगाड्यांना वरनं मदत करा. झालं. लढाई आपोआप होते, सकाळी बघायचं किती पडली.

मग मजा कशात? रेंजमध्ये, म्हणजे विमान तळापासनं किती लांब जाऊ शकतं त्यात. पहिल्यांदा जर्मनी घेतली तेव्हा मी फ्रान्स आरामात घेतला, आणि आता इंग्लंड काय, चार दिवसाचं काम म्हणून सगळी फायटर दक्षिण इंग्लंडवर सोडली. आकड्यात माझी विमानं दुप्पट, तरी रोज मीच मार खायलोय. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की बेस फार आत होते, विमानं त्या भागाचा निम्मा पट्टासुद्धा झाकत नव्हती आणि जेवढा भाग झाकला जातो तेवढाच त्यांचा उपयोग. खऱ्या 1940 मध्ये हेच झालं होतं. जर्मनांचं मेसरश्मिट 109 फायटर फ्रान्सच्या किनाऱ्यावरनं उडालं तर लंडनवर त्याला जेमतेम दहा मिनिटं मिळायची, नंतर परतीचं पेट्रोल. म्हणजे गाडी रिझर्व्हला आलेली असताना पंढरपूरला जायचं आणि दर्शनाच्या रांगेत उभारून सगळं लक्ष टाकीकडं. समोर इंग्रजांकडं किनाऱ्यावर रडार, त्यामुळं त्यांची विमानं उगाच हवेत फिरत पेट्रोल जाळत नव्हती, गरज पडेल तिथंच उठायची. गेममध्ये पण रडार स्टेशन बांधलं की शत्रू आधी दिसतो. हे पुस्तकात वाचून मला इतकं कधी कळलं नव्हतं जेवढं हरून कळलं.

एअरबेस बांधायचा म्हणजे इथं एक क्लिक, काही महिने थांबा, झाला तयार. सोलापूरकरानं हे बघून फक्त हसायचं. आमच्याकडं विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या एका चिमणीपायी विमानसेवा किती वर्षं लटकली, 2023 च्या जूनमध्ये चिमणी पाडली आणि तरी गोव्याचं पहिलं विमान उडायला 2025 उजाडलं. गेममध्ये चिमणी, कोर्ट, मोर्चा असलं काही बटण नाही, बरंय.

आता जिथं गेम कच्चा आहे ते. ह्याला पायलट म्हणजे माणूस हे माहीतच नाही. मॅनपॉवरमधला एक आकडा, बास. ऐन 1940 मध्ये इंग्लंडला विमानांपेक्षा पायलटची चणचण होती, कारखाने विमानं काढत होते पण चालवायला शिकलेला माणूस महिन्याभरात तयार होत नाही. आणि दुसरं म्हणजे लढाई त्यांच्या घरावर होती, विमान पडलं तरी पॅराशूटनं उतरलेला इंग्रज पायलट संध्याकाळपर्यंत परत तळावर, जर्मन मात्र थेट कैदेत. हा एवढा मोठा फरक गेममध्ये कुठंच नाही. नाही म्हणायला कधीकधी एखादा एस, म्हणजे शत्रूची बरीच विमानं पाडणारा पायलट, तयार होतो, त्याचा छोटा फोटो येतो, तुकडीला लावायचा आणि विसरून जायचं. विमान स्वतः डिझाईन करायची सोय आहे, इंजिन कुठलं, तोफा किती, पण ती 2022 च्या बाय ब्लड अलोन नावाच्या वेगळ्या पॅकमध्ये, त्याचे पैसे वेगळे. आधी ताट घ्या, मग शेंगा चटणीचे वेगळे द्या, तसं झालं हे.

आणि एक गोष्ट, जी खेळताना मला नीट बसू देत नाही. स्ट्रॅटेजिक बाँबिंग लावलं की फॅक्टऱ्या पडतात, रेल्वे तुटते, आकडा खाली येतो. माणसं मरत नाहीत. ब्लिट्झमध्ये, म्हणजे जर्मनांच्या बाँबहल्ल्यांत, इंग्लंडात 40 हजारांवर साधी माणसं गेली, डिसेंबर 1942 मध्ये कलकत्त्यावर जपानी बाँब पडले तेव्हा लोकं गाठोडी घेऊन शहर सोडून पळाली, ह्यातलं काही नाही. एकदा जपान घेऊन खेळत होतो, चीनमधल्या चुंगकिंगवर बाँबर लावले, आणि डोक्यात आलं की डॉक्टर कोटणीस त्याच चीनमध्ये गेले होते की. आमच्या सोलापूरचा माणूस, 1938 ला निघाला आणि 1942 मध्ये तिथंच वारला. भैय्या चौकातनं मी रोज जातो, त्यांच्या स्मारकाकडं मान वळवून बघत पण नाही. मी ते बाँबर परत बोलावले. गेमला काही फरक पडला नाही, मला पडला. ज्यूंचा संहार तर गेममध्ये नाहीच, त्याचं बटण नसावं हे मला पटतं, पण मग पोरांनी ह्याला इतिहास समजू नये.

ब्रिटिश राज घेऊन खेळता येतं, हे आपल्या लोकांना सांगायला हवं. सुरुवातीला हातात काही नसतं, फॅक्टऱ्या मोजक्या, विमानं नावापुरती. आपलं हवाई दलच 8 ऑक्टोबर 1932 ला सुरू झालं, त्यामुळं ते बरोबरच आहे म्हणा. मी सध्या इंफाळची लढाई करायलोय. 1944 ला जपान्यांनी इंफाळला वेढा घातला तेव्हा आत अडकलेल्या सैन्याला धान्य-दारूगोळा सगळं विमानानं पोचवलं, आणि आपल्या हवाई दलातल्या अर्जन सिंगांची एक नंबरची स्क्वाड्रन तिथनंच हरिकेन विमानं घेऊन लढत होती. गेममध्ये ट्रान्सपोर्ट विमानांनी रसद टाकता येते आणि ते खरंच चालतं, फक्त तेवढी विमानं बनवायची तर फायटर कमी बनतात आणि फायटर कमी पडले की ट्रान्सपोर्ट जळतात. दोनदा इंफाळ घालवलंय. दुसऱ्यांदा तर डिव्हिजनच्या खाली रसदीची लाल खूण तीन आठवडे बघत बसलो आणि काही करता आलं नाही. तेव्हा आईनं आतनं विचारलं, "झालं का तुझं युद्ध, भाकरी कडक होऊन बसली." म्हणलं आई, कडक भाकरीच टिकते वेढ्यात.

जुन्या लढाया पाहिजे असतील तर एम्पायर टोटल वॉर आहे, 2009 चा, त्यात मराठे घेता येतात. दिसायला हा गेम भारी, हत्ती काय, घोडदळ काय, भाऊला हाच आवडला. पण 1700 साल, आणि मराठे मैदानात रांगा लावून उभे? त्याच्या आधीची चार-पाच वर्षं औरंगजेब आमच्याच जिल्ह्यात माचणूरला भीमेकाठी छावणी टाकून बसला होता आणि त्याला समोरासमोर लढाई सहसा कोणी दिली नाही, धान्याचे तांडे लुटले, खजिने लुटले, आणि गायब. ते ह्या गेममध्ये जमत नाही. गंमत बघा, ज्या गेममध्ये घोडा न् घोडा दिसतो त्यात गनिमी कावा नाही, आणि ज्यात एक विमान दिसत नाही त्यात पेट्रोल संपायची भीती आहे.

घ्यायचा असेल तर सेलमध्येच घ्या, पॅक नंतर बघा. ट्युटोरियल इटली देऊन करवतात, त्यानं फार काही कळत नाही, हरत हरतच शिका. आणि मेमध्ये खेळू नका, बाहेर 44 असताना 1943 च्या पुढं गेम कूर्मगतीनं चालतो आणि लॅपटॉपवर खरंच आमलेट होईल. माझा गेल्या आठवड्यात बंद पडला, सर्व्हिसिंगवाल्यानं नुसती धूळ काढली आणि बिल मदरबोर्ड बदलल्यासारखं लावलं. आता आलाय परत. भाऊ पण येऊन बसलाय शेजारी, काल म्हणला, दादा, आधी बेस पुढं ने की.