गेटिसबर्गचं जुनं पेन्सिल चित्र घ्यावं की छापील पान?

भिंतीवर लावायला अमेरिकन सिव्हिल वॉरचं काहीतरी अस्सल जुनं हवंय, आणि एकीकडे पेन्सिलने काढलेलं लढाईचं चित्र दिसतंय, दुसरीकडे हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकाचं १८६३ चं पान, अशा पेचात असाल तर हे वाचा. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींची गेटिसबर्गची (पेनसिल्व्हेनियातलं, त्या युद्धातल्या मोठ्या लढाईचं ठिकाण) एक ट्रिप होतेच, तिथून परत आलं की हा किडा डोक्यात शिरतो, माझ्याही शिरला होता.

आधी थोडं बॅकग्राउंड. तेव्हा कॅमेरा होता पण पळणारी माणसं त्यात धूसर यायची, आणि फोटो पेपरात छापायची सोयही नव्हती. म्हणून पेपरवाले चित्रकारच पाठवायचे. हार्पर्सचा आल्फ्रेड वॉड (जन्म लंडन, १८२८) गेटिसबर्गला १ ते ३ जुलै १८६३ च्या लढाईत हजर होता. पेन्सिल, थोडा चायनीज व्हाइट (पांढरा वॉटरकलर), रंगीत कागद, बस्स. झटपट रेषा, मधेच कोण कुठे उभं आहे त्याच्या नोंदी. ते कागद न्यूयॉर्कला जायचे, तिथे बॉक्सवुडचे छोटे ठोकळे एकत्र जोडून त्यांच्यावर कोरायचे, घाई असली की एकेक ठोकळा वेगळ्या माणसाला. म्हणजे छापलेलं पान दुसऱ्यांच्या हातून गेलेलं, धूर जास्त, सैनिक नीटनेटके. जिवंतपणाच्या बाबतीत पेन्सिलच जिंकते, वादच नाही.

पण बाजारात हेच उलटं होतं. वॉड आणि त्याच्यासारखाच पेपरसाठी युद्ध रेखाटणारा एडविन फोर्ब्स यांची चित्रं मोठ्या प्रमाणात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत (जे. पी. मॉर्गनने १९१९ मध्ये दिली), बाहेर क्वचित येतात आणि आली तर किंमत आपल्या ऐपतीबाहेर. मग जे स्वस्तात ‘अँटिक पेन्सिल ड्रॉइंग’ म्हणून दिसतं ते काय असतं? बऱ्याचदा त्या काळच्या कोणा हौशी माणसाने पेपरातलं चित्र समोर ठेवून केलेली कॉपी. जुनी असते, खोटी नसते, पण रणांगणावरची नसते! ओळखायची युक्ती सोपी: छापील चित्राशी धुराच्या ढगापर्यंत सगळं जुळत असेल तर शंका घ्या, मूळ स्केच इतकं पूर्ण नसतं. विकणाऱ्याने ‘आफ्टर वॉड’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वॉडवरून काढलेलं, वॉडने काढलेलं नाही. सही बघून भुलू नका, सही कोणीही नंतर टाकू शकतं.

भिंगाखाली ग्रॅफाइट थोडं चमकतं आणि कागद दबलेला दिसतो, बारीक ठिपके दिसले तर ते प्रिंट आहे. अंधारात यूव्ही टॉर्च मारा, कागद निळा उजळला तर बहुतेक विसाव्या शतकातला.

छापील पानाचं मात्र बरं असतं. तारीख वर छापलेलीच, मागच्या बाजूला मजकूर, आणि त्या काळचा कागद चिंध्यांचा असल्याने नंतरच्या वर्तमानपत्रांसारखा कुरकुरीत होत नाही. साधी पानं अजून खिशाला परवडतात. एकच खबरदारी, रंगवलेलं पान घेऊ नका, हार्पर्स काळं-पांढरंच छापायचा, रंग नंतर कोणीतरी भरलेत.

फ्रेमिंगमध्ये पेन्सिलचे नखरे जास्त: हात घासला की डाग, ॲक्रिलिक काच लावली तर स्टॅटिकने ग्रॅफाइट ओढलं जाऊ शकतं, आणि चित्र काचेला चिकटता कामा नये म्हणून मधे ॲसिड-फ्री माउंट हवाच. मुंबईला नेणार असाल तर दमट हवा आणि कसर दोघांनाही सोडत नाही.

माझं मत विचाराल तर हौशी कॉपी आवडली तर कॉपीच्या भावात घ्या, नाहीतर पान. मी पान घेतलं, त्याच्या मागे कुठल्याशा कादंबरीचा अर्धवट हप्ता आहे, पुढे काय झालं ते अजून शोधतोय.