शोभेच्या माशांचा तयार ‘कम्युनिटी संच’: सहा महिन्यांनंतरचे परीक्षण

शोभेच्या माशांच्या एका दुकानातून सहा महिन्यांपूर्वी मी 100 लिटरच्या टँकसाठी ‘कम्युनिटी संच’ घेतला. दोन एंजल, दहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, दोन सिल्व्हर शार्क आणि काच साफ ठेवण्यासाठी एक सकर असे मासे त्यात होते, आणि ‘सर्व मासे शांत, एकत्र राहणारे’ असे सोबतच्या पत्रकावर छापलेले होते. माशांच्या तब्येतीबद्दल तक्रारीला जागा नाही. कोणाच्याही अंगावर पांढरे ठिपके नव्हते, पर पूर्ण उघडलेले होते आणि दुसऱ्याच दिवशी सगळे खाऊ लागले. माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून टँक अमोनिया घालून आधीच पाच आठवडे माशांविना चालवला होता आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी केल्यावरच मासे सोडले होते, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा दोष पाण्याला देता येणार नाही.

पहिला त्रास टायगर बार्बमुळे झाला. हा मासा आठ-दहाच्या गटात असला की त्याची बरीचशी दांडगाई आपापसांतल्या पाठलागात जिरते. चारच असले तर तो इतरांच्या मागे लागतो. एंजलच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांतला एक निम्मा तुटलेला दिसला आणि दुसऱ्याच्या टोकाला पांढरट धागे लोंबत होते. दोन्ही एंजल दिवसभर हीटरच्या मागे उभे राहू लागले, आणि खाणे टाकले की बार्ब दूर असले तरच पुढे सरकत. एंजलसारख्या संथ, लांब परांच्या माशाबरोबर बार्ब देणे ही या संचातली सर्वांत ढोबळ चूक आहे.

बार्ब वेगळ्या टँकमध्ये हलवल्यावर एंजल सावरले, भराभर वाढले, आणि पाचव्या महिन्यात निऑन दहाचे सात झाले. मेलेला एकही मासा सापडला नाही. एका पहाटे दिवा लावला तेव्हा थोरल्या एंजलच्या तोंडातून निऑनची लाल शेपटी बाहेर आलेली होती. यात एंजलचा काही अपराध नाही. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, आणि तोंडात मावेल तो मासा एंजल खातोच. नाण्याएवढी पिल्ले विकताना हे दिसत नाही, पण पूर्ण वाढलेल्या एंजलची लांबी सुमारे 15 सेंटीमीटर होते, तर निऑन तीन-साडेतीन सेंटीमीटरवर थांबतो.

सिल्व्हर शार्क आणि सकर यांच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर दोघेही 30 सेंटीमीटर आणि त्याहून मोठे होतात आणि 100 लिटरमध्ये ते ठेवूच नयेत. पत्रकात निऑनऐवजी गोल्डफिश घेण्याचीही सवलत दिली आहे, ती पाहून मला खरोखर वाईट वाटले: गोल्डफिशला मानवते ते 18 ते 22 अंशांचे पाणी, एंजलला 24 ते 28 अंशांचे. एकाच टँकमध्ये दोघांपैकी एकाचे हाल ठरलेलेच.

दुकानाच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. तक्रार घेऊन गेल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही. निऑन सोडून बाकी सर्व मासे परत घेतले आणि मी सांगितलेले सहा कोरीडोरास व आठ हार्लेक्विन रासबोरा बदल्यात दिले. माशांच्या निगेसाठी मी या दुकानाला पाचपैकी चार गुण देईन, या संचासाठी एक. प्रत्येक माशाची पूर्ण वाढ, तापमान आणि गटातली किमान संख्या पत्रकावर छापली जाईपर्यंत इथून मासे सुटेच निवडून घ्यावेत.

रासबोरांना निऑनप्रमाणेच मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी चालते आणि ते मधल्या थरात एकत्र फिरतात. कोरीडोराससाठी खडी काढून बारीक वाळू घातली, कारण खडबडीत तळावर त्यांच्या मिशा झिजतात. आता खाणे टाकले की सहाही जण वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात, कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडतात, आणि निऑन त्यांच्या डोक्यावरून निर्धास्तपणे फिरत असतात.