पुस्तकाचं उलट कत्सुप? मजकूर उलटवणारं एक ऑनलाइन टूल वापरून पाहिलं

मी मुलांच्या मासिकासाठी शब्दकोडी करते. त्यातल्या एका सदरात उलटा शब्द द्यायचा आणि मुलांनी सरळ शब्द ओळखायचा. इतकी वर्षं हे काम मी वहीत, हाताने करत आले. गेल्या महिन्यात चाळीस शब्द एकदम हवे होते आणि हातात एकच संध्याकाळ होती. म्हणून मजकूर उलटा करून देणारं एक ऑनलाइन टूल उघडलं आणि पहिला शब्द टाकला: पुस्तक. उत्तर आलं, कत्सुप.

आठ वर्षांची भाची शेजारीच बसली होती. ती लगेच म्हणाली, "मावशी, हे चुकलंय. कस्तपु होतं." तिने ना बोटं मोजली, ना कागद घेतला. पु, स्त, क ही तीन अक्षरं तिला ऐकूनच माहीत होती.

तिथून पुढे मी ते टूल सोडलं नाही, उलट महिनाभर वेगवेगळ्या कामांना लावून पाहिलं.

वापरायला ते अगदी सोपं आहे. वरच्या चौकोनात मजकूर चिकटवायचा, खालचा एक पर्याय निवडायचा, की शेजारच्या चौकोनात निकाल हजर. पर्याय असे: सगळी अक्षरं उलट, शब्दांचा क्रम उलट, शब्द जागेवर ठेवून फक्त त्यातली अक्षरं उलट, ओळींचा क्रम उलट, आणि डोक्यावर उभा केलेला मजकूर. प्रत्येक ओळ वेगळी धरायची असेल तर एक खूण करता येते. खातं उघडायला लागत नाही. पान उघडल्यावर मी इंटरनेट बंद करून पाहिलं, तरी काम चालूच राहिलं. म्हणजे उलटवण्याचं काम आपल्याच ब्राउझरमध्ये होतं, त्यासाठी मजकूर कुठे पाठवावा लागत नाही. अप्रकाशित मजकूर हाताळणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

आता कत्सुप कुठून आलं ते सांगते, कारण मराठीत हे टूल वापरणाऱ्या प्रत्येकाला तिथेच ठेच लागणार. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर जगभरच्या लिप्या साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. आपल्याला पुस्तकमध्ये तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाकडे सहा चिन्हं असतात: प, उकार, स, हलन्त, त, क. टूलने ही सहा चिन्हं शेपटाकडून ओळीने मांडली. क, त, हलन्त, स, उकार, प. स्त होता तिथे त्स झाला आणि प चा उकार स ला जाऊन चिकटला.

एकदा हे कळल्यावर मी शब्दांमागून शब्द टाकत गेले. रंग चं गंर झालं, व्हायला हवं होतं गरं. दिवस चं सविद झालं, म्हणजे द ची वेलांटी व ला गेली. ऱ्हस्व वेलांटी आपल्याला अक्षराच्या आधी दिसते, पण साठवताना ती अक्षराच्या मागेच असते, म्हणून उलटवल्यावर ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मराठी हा शब्द टाकला तेव्हा तर दीर्घ वेलांटी सगळ्यात पुढे आली, तिला धरायला अक्षरच उरलं नाही आणि ती ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी लटकली. पुढे ठारम. खरं उत्तर ठीराम, आणि ते किती गोड वाटतं!

सगळ्यात वाईट वाटलं ते विलोमवाक्यांचं. "रामाला भाला मारा" हे वाक्य उलटसुलट सारखं वाचलं जातं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रा, मा, ला, भा, ला, मा, रा. या टूलमधून त्याचे असे तुकडे होऊन बाहेर पडतात की ते विलोम आहे यावर कुणाचा विश्वास बसू नये. एखाद्या मुलाने ते तिथे तपासलं तर आपलंच चुकलं असं त्याला वाटेल. "चिमा काय कामाची" मध्ये चि ऱ्हस्व आणि ची दीर्घ आहे, ती सूट कानाने आधीच दिलेली आहे. पण रामाला भाला मारा मध्ये तर सूटही लागत नाही.

मग अशाच प्रकारचं दुसरं एक टूल उघडून पाहिलं. तिथे पुस्तक चं कतस्पु झालं. एका शब्दाची तीन उत्तरं! या दुसऱ्याने मात्रा आपापल्या अक्षराला धरून ठेवल्या होत्या, पण जोडाक्षर हलन्तापाशी तोडलं होतं. वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचे नियम युनिकोडमध्ये आहेत. जुन्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम आला. मजकूर असा अक्षरागणिक तोडून देणारी सोय आता ब्राउझरमध्येच असते. म्हणजे टूल बनवणाऱ्यांना शून्यापासून काही घडवायचं नाही, हाताशी आहे ते वापरायचं आहे. मी त्यांना तसं लिहिलं, सोबत दहा शब्द आणि त्यांची बरोबर उत्तरंही पाठवली.

हा दोष फक्त आपल्या लिपीपुरता आहे असंही नाही. देशांच्या झेंड्यांच्या इमोजी दोन-दोन सांकेतिक अक्षरांच्या बनलेल्या असतात. भारताचा झेंडा आय आणि एन मिळून होतो. तो इथे उलटवला तर एन आणि आय होतात, आणि समोर निकाराग्वाचा झेंडा येतो.

शब्दांचा क्रम उलटवणारा पर्याय मात्र मला मनापासून आवडला, आणि तोही कोड्यांसाठी नव्हे, मुद्रितशोधनासाठी. स्वतः लिहिलेलं वाचताना डोळा अर्थामागे धावतो आणि चुका निसटतात. शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे आले की अर्थ तुटतो आणि प्रत्येक शब्द एकेकटा समोर उभा राहतो. चार वेळा वाचलेल्या लेखात मला अशा रीतीने परिक्षा आणि आशिर्वाद सापडले, दोन्ही पहिल्या वेलांटीला चुकलेले. दिन आणि दीन यांसारख्या जोड्या मात्र या रीतीने सापडणार नाहीत. दोन्ही शब्द खरे आहेत, कुठला हवा ते वाक्यच सांगतं. त्यासाठी सरळ वाचन करायलाच हवं. विरामचिन्हं शब्दाला चिकटूनच राहतात, त्यामुळे चूक मूळ मजकुरात शोधायला त्रास होत नाही.

ओळींचा क्रम उलटवणं एकदाच लागलं. नवी नोंद सर्वात वर अशा टिपणवहीला पहिल्या दिवसापासून वाचायचं होतं, ते एका क्लिकमध्ये झालं.

डोक्यावर उभा केलेला मजकूर फक्त रोमन लिपीत जमतो. टूल खरं तर काही फिरवत नाही, उच्चारलेखनासाठी युनिकोडमध्ये असलेली उलट्या ए, उलट्या ई सारखी दिसणारी वेगळी चिन्हं आणून लावतं. देवनागरीला तशी चिन्हं नाहीत, म्हणून आपला मजकूर आहे तसाच बाहेर येतो. हे तिथे लिहिलेलं असतं तर माझी दहा मिनिटं वाचली असती.

आणखी एक सावधगिरी. अशा काही टूलमध्ये चिन्हांचा क्रम न बदलता मजकुराच्या आधी न दिसणारं, दिशा फिरवणारं चिन्ह घालतात. मजकूर कॉपी केला की ते चिन्हही सोबत येतं आणि परिच्छेद संपेपर्यंत पुढचं सगळं उजवीकडून डावीकडे दिसायला लागतं. फाइलचं खरं नाव झाकून फसवण्यासाठीही हेच चिन्ह वापरलं जातं. मी वापरलेल्या टूलमध्ये हा प्रकार आढळला नाही, हे त्याच्या बाजूने नक्की सांगेन.

चाळीस शब्दांचं काम अखेर त्याच टूलने झालं, पण वळसा घेऊन. एका ओळीत एक शब्द, आणि शब्दातल्या अक्षरांमध्ये मी स्वतः जागा सोडली: पु स्त क. मग अक्षरांऐवजी शब्दांचा क्रम उलटवणारा पर्याय घेतला आणि प्रत्येक ओळ वेगळी धरायची खूण केली. टूलला ते तीन शब्द वाटले आणि त्याने क स्त पु असं दिलं. शेवटी मोकळ्या जागा पुसल्या. चाळीसच्या चाळीस शब्द सांभाळून आले, जागा सोडायला वेळ लागला तेवढाच.

यादी भाचीने मोठ्याने वाचून तपासली. एकोणचाळीस शब्द तिने धडाधड वाचले आणि विद्यार्थीपाशी अडली. वि, द्या, र्थी उलटवलं की र्थीद्यावि. कागदावर बरोबर, पण सुरुवातीचा रफार जिभेला उचलताच येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाहिलं. तो शब्द मी काढला आणि त्या जागी दिवस घातला. सवदि.