वेलंट एरोथर्म प्लस ५ किलोवॉट : यंत्र उत्तम, पण पाणी कोमट ठेवाल तरच

इंग्लंडमध्ये तीन बेडरूमच्या सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या) घरातला गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) बसवायचा म्हटलं, की कोटेशनमध्ये हे नाव बऱ्याचदा दिसतं. ११०० मिमी रुंद, ७६५ मिमी उंच, वजन ९० किलो. आत उष्णता वाहून नेणारा वायू आर-२९० म्हणजे प्रोपेन, तोही जेमतेम ६०० ग्रॅम. हा पंप ७५ अंशांपर्यंत पाणी तापवू शकतो, म्हणून ‘जुने रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारी भिंतीवरची पॅनेलं) आहेत तसेच चालतील’ असं सांगितलं जातं. चालतील, पण बिल अंगावर येईल.

हिशेब साधा आहे. इंग्लंडमध्ये विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग पडतं. बॉयलर गॅसमधली ८५-९० टक्के उष्णता घरात पोचवतो. म्हणजे गॅसशी नुसती बरोबरी करायलाही पंपाने एका युनिट विजेतून सुमारे साडेतीन युनिट उष्णता वर्षभराच्या सरासरीने द्यायला हवी. रेडिएटरकडे जाणारं पाणी एका अंशाने जास्त तापवलं की कार्यक्षमता सुमारे अडीच टक्क्यांनी घटते. ३५ ते ४५ अंशांवर हा पंप छान चालतो; ५५-६० वर नेलात की फायदा संपला.

म्हणून इन्स्टॉलरला पहिला प्रश्न हाच विचारा: कडाक्याच्या थंडीत पाणी किती अंशांवर धरून डिझाइन केलंय? ४५ किंवा त्याखालचा आकडा लेखी घ्या. प्रत्येक खोलीची उष्णता-गळती मोजलेली हवी. चौरस फुटांवरून अंदाज बांधणाऱ्याला परत पाठवा.

रेडिएटर बदलावे लागतात ते का? कॅटलॉगमधला १५०० वॉटचा आकडा पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंश गरम असतानाचा असतो. ४५ अंशांच्या पाण्यावर तोच रेडिएटर जेमतेम ५३० वॉट देतो. तिथे एकेरी पॅनेलऐवजी दुहेरी किंवा तिहेरी बसवला की भागतं. आधीच पडताळायचं असेल तर जानेवारीत सध्याच्या बॉयलरचं पाणी ५० अंशांवर आणून ठेवा, म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट नव्हे, तर बॉयलरवरचं रेडिएटरचं सेटिंग. ज्या खोल्या २० अंशांवर टिकत नाहीत, तिथले रेडिएटर अपुरे. पाइपही बघा. पंपाला ५ किलोवॉटसाठी मिनिटाला सुमारे १४ लिटर पाणी फिरवावं लागतं. ८ मिमीचे बारीक पाइप असलेल्या घरात याचं गणित आधीच करून घ्या.

चांगलं यंत्र वाया जातं ते मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, पंप आणि रेडिएटरच्या मध्ये घुसडलेली बफर टाकी, म्हणजे पाणी साठवणारी टाकी. तिच्यात जातं-येतं पाणी मिसळतं, मग रेडिएटरला ४० अंश मिळावेत म्हणून पंपाला ४५ करावे लागतात. दोन, बाहेरून जोडलेला चालू-बंद थर्मोस्टॅट. वेलंटचा स्वतःचा सेन्सोकम्फर्ट कंट्रोलर बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान ठरवतो, त्याला त्याचं काम करू द्या. हीट कर्व्ह, म्हणजे बाहेर थंडी वाढली की पाणी किती जास्त तापवायचं हे ठरवणारा आकडा, ०.६ च्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि घर टिकतंय तोवर दर दोन दिवसांनी ०.०५ ने उतरवत जा. रेडिएटरला हात लावला तर तो जेमतेम कोमट लागेल. बिघाड समजून कर्व्ह वाढवू नका; खोली २० अंशांवर आहे ना, तेवढं बघा.

प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे युनिट खिडकी, दार, गटाराच्या जाळीपासून राखून बसवावं लागतं. अरुंद गल्लीत हे जमत नाही. बाहेर ० ते ५ अंश आणि हवा दमट असली की कॉइलवर (बाहेरच्या युनिटमधल्या, हवेतून उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो, पंप काही मिनिटं उलटा चालून तो वितळवतो आणि वाफेचा लोट उठतो. तो धूर नव्हे. वितळलेलं पाणी खडीच्या खड्ड्यात मुरायला हवं. पायवाटेवर आलं तर सकाळी तिथे घसरगुंडी होते. बाहेरच्या पाइपांवर अँटिफ्रीझ व्हॉल्व्ह (पाणी गोठायच्या बेतात आलं की ते बाहेर सोडणारे) असतील तर त्यांना इन्सुलेशन गुंडाळू देऊ नका. गुंडाळले तर थंडी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि ते वेळेवर उघडत नाहीत.

कॉम्बी (नळाला लागेल तसं पाणी तापवणारा, टाकी नसलेला बॉयलर) जाऊन गरम पाण्याची टाकी येते, तिला कपाटाएवढी जागा लागते. चौघांना २०० लिटर पुरतात. भारतातून आई-बाबा महिनोनमहिने राहायला येत असतील तर २५० घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. त्याचा अर्ज एमसीएस-प्रमाणित (एमसीएस ही अशा यंत्रणांची ब्रिटनमधली प्रमाणन योजना) इन्स्टॉलरच करतो आणि रक्कम कोटेशनमधून वजा होते.

राहिली शेगडी. तेवढ्यासाठी गॅस मीटर ठेवलात तर त्याचा रोजचा स्थिर आकार भरतच राहाल. इंडक्शनवर सपाट बुडाचा बिडाचा तवा छान चालतो. फक्त फुलका ज्योतीवर टाकता येत नाही, तो तव्यावरच कापडाने कडा दाबून फुगवावा लागतो.