वेल, फिटवेल की रीसेट : कार्यालयासाठी आरोग्य-प्रमाणपत्र निवडताना

नवे कार्यालय घेणाऱ्या कंपनीपुढे किंवा इमारत भाड्याने देणाऱ्या मालकापुढे आज आरोग्यावर भर देणाऱ्या प्रमाणपत्रांचे तीन ठळक पर्याय आहेत : वेल, फिटवेल आणि रीसेट एअर. लीड, आयजीबीसी आणि गृह ही हरित मानांकने आपल्याकडे अधिक परिचित असली, तरी त्यांचा मुख्य भर ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य यांवर आहे. खोलीतील हवेसाठी त्यांतही काही गुण राखलेले असतात. परंतु तेवढ्यावरून हरित पाटी लागलेल्या इमारतीत दिवसभर बसणाऱ्या माणसाला चांगली हवा मिळत असेलच, असे मानून चालता येत नाही.

तिघांत सर्वांत व्यापक आहे ते वेल. २०१४ साली आलेल्या या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत हवा, पाणी, आहार, प्रकाश, हालचाल, तापमान, ध्वनी, साहित्य, मन आणि समुदाय असे दहा विषय आहेत. यातील अनिवार्य अटी सर्वच्या सर्व पाळाव्या लागतात आणि त्यानंतरच्या ऐच्छिक गुणांवर श्रेणी ठरते : ५० गुणांना रौप्य, ६० ला सुवर्ण आणि ८० ला प्लॅटिनम. मात्र माझ्या मते वेलचे खरे मोल प्रत्यक्ष जागेवर होणाऱ्या चाचणीत आहे. बाहेरचा परीक्षक येऊन हवेचे आणि पाण्याचे नमुने घेतो, तपासणी करतो, आणि मोजमाप मर्यादेत बसले नाही तर केवळ सुंदर आराखडे दाखवून भागत नाही. पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांसाठी वेलची मूळ मर्यादा प्रति घनमीटर १५ मायक्रोग्रॅम आहे आणि बाहेरची हवाच फार प्रदूषित असलेल्या ठिकाणी ती २५ पर्यंत शिथिल होते. भारताच्या राष्ट्रीय मानकात बाहेरच्या हवेसाठी वार्षिक सरासरीची मर्यादा ४० आणि चोवीस तासांची ६० आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या शहरांत ही अट किती कठीण आहे ते कळते. त्यासाठी चांगल्या प्रतीचे फिल्टर हवेत, ते वेळेवर बदलायला हवेत आणि त्यांना पेलणारे पंखेही हवेत. हा खर्च प्रमाणपत्राच्या शुल्काव्यतिरिक्त असतो.

फिटवेलची घडण वेगळी आहे. अमेरिकेची सीडीसी ही सार्वजनिक आरोग्य संस्था आणि तेथील सरकारी इमारती सांभाळणारी जीएसए यांनी ते विकसित केले असून त्याचे कामकाज सेंटर फॉर ॲक्टिव्ह डिझाइन ही ना-नफा संस्था पाहते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एकूण १४४ गुण होते आणि ९० गुणांना एक, १०५ ला दोन आणि १२५ ला तीन तारे मिळत. वापराजोगा आणि उजेडाचा जिना, पिण्याच्या पाण्याची सोय, स्तनपानासाठी स्वतंत्र खोली, तंबाखूमुक्त परिसर, आणीबाणीची तयारी अशा गोष्टींचे पुरावे कागदोपत्री पाठवायचे आणि परीक्षकांनी ते तपासायचे, अशी पद्धत आहे. जागेवर येऊन कोणी मोजत नाही. त्यामुळे जुन्या इमारतीला आणि बेताच्या खर्चात काम करणाऱ्या संस्थेला ते झेपते, आणि त्यातून होणाऱ्या सुधारणा खऱ्याच असतात. पण हवेच्या दर्जाचा पुरावा म्हणून त्या ताऱ्यांकडे पाहू नये.

रीसेट एअर फक्त हवेपुरते आहे, परंतु त्यात हवेची मोजणी सतत होते. संवेदक (सेन्सर) श्वासाच्या उंचीवर बसवावे लागतात आणि त्यांची नोंद अखंड पुढे जात राहते. पीएम २.५ साठी ३५ ही स्वीकारार्ह आणि १२ ही उच्च दर्जाची मर्यादा आहे; कार्बन डायऑक्साइडसाठी अनुक्रमे १००० आणि ६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). आपल्याकडच्या असंख्य छोट्या कार्यालयांची दुखरी नस कार्बन डायऑक्साइडच्या या आकड्यांत सापडते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. काचा बंद करून आठ-दहा जण तासभर बैठकीला बसले की कार्बन डायऑक्साइड १००० च्या वर जातो, डोके जड होते आणि दोष दुपारच्या जेवणाला दिला जातो. खिडकी उघडावी तर रस्त्यावरची धूळ आत येते. फिल्टरमधून गाळलेली ताजी हवा देणारी यंत्रणा हाच त्यावरचा उपाय आहे आणि ती पुरेशी चालते की नाही, हे सततच्या मोजणीशिवाय समजत नाही.

म्हणून स्वतःची इमारत बांधणाऱ्याने आराखड्याच्या टप्प्यावरच वेल निवडावे. वातानुकूलनाच्या नळ्या एकदा छतात गेल्या की बदल फार महाग पडतो. इमारतीचा बहुतांश भाग भाड्याने देणाऱ्या मालकासाठी वेल कोअर हा वेगळा मार्ग आहे. २०२० साली कोविडच्या काळात आलेले वेल हेल्थ-सेफ्टी रेटिंग मात्र कागदपत्रांवर आधारलेले, मर्यादित मानांकन आहे. दारावरचे ते चिन्ह दाखवून कोणी इमारत वेल-प्रमाणित असल्याचे सांगत असेल, तर मूळ प्रमाणपत्र पाहायला मागावे.

भाडेकरूसाठी निवड अधिक अवघड आहे. मध्यवर्ती वातानुकूलन मालकाच्या ताब्यात असेल, तर फिल्टर कोणता बसवायचा, बाहेरची हवा किती घ्यायची आणि यंत्रणा किती वाजता बंद करायची, हे भाडेकरू ठरवत नाही. अशा वेळी वेलच्या मागे लागून अर्ध्यावर अडकण्यापेक्षा आधी संवेदक बसवून काही महिन्यांच्या नोंदी जमवाव्यात, त्या पुढे ठेवून मालकाशी बोलावे आणि फिल्टरचा दर्जा, तो बदलण्याचे वेळापत्रक व ताज्या हवेचे प्रमाण भाडेकरारात लिहून घ्यावे. मालक तयार झाला तर रीसेट आवाक्यात येते. नाहीच झाला, तर फिटवेलच्या यादीतील स्वतःच्या हातातल्या सुधारणा कराव्यात आणि करार संपताना जागा बदलण्याचा विचार करावा.