युद्धखोर पुढाऱ्यांवरचा एकच चित्रपट दाखवायचा तर: ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ की ‘इन द लूप’?

वाचनालयात, कॉलेजच्या फिल्म क्लबात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये एखादी संध्याकाळ बोलणी सोडून युद्धाकडे धावणाऱ्या नेत्यांवरच्या राजकीय व्यंगाला द्यायची ठरली, की ही दोन नावं पुढे येतातच. सोलापुरातल्या आमच्या छोट्या गटाने दोन्ही चित्रपट दाखवले आणि दोन्हींनंतर चर्चाही घेतली. पुन्हा निवडायची वेळ आली तर मी काय निवडेन आणि का, ते सांगतो. कलाकृती म्हणून मोठा कोणता, यात मी पडत नाही. तिथे ‘स्ट्रेंजलव्ह’चं पारडं जड आहे आणि ते योग्यच आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की दिवे लागल्यावर लोक कशाबद्दल बोलतात.

‘स्ट्रेंजलव्ह’च्या बाजूने बोलायला भरपूर आहे. क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले तो पेचप्रसंग १९६२चा आणि स्टॅन्ली कुब्रिकचा हा चित्रपट १९६४चा, म्हणजे अणुयुद्धाची भीती लोकांच्या अंगात भिनलेली असतानाचा. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडमागे रशियाचा कट आहे असं मानणारा जनरल रिपर बॉम्बफेकी विमानं परस्पर रवाना करतो, आणि त्याला तशी मुभा देणारी योजना सरकारनेच आखून ठेवलेली असते. तळावर पाटी आहे, ‘शांतता हाच आमचा व्यवसाय’. ती लेखकाची कल्पना नाही, अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचं खरंखुरं बोधवाक्य होतं ते. वॉर रूममध्ये जनरल टर्जिडसन आपले एक ते दोन कोटी लोक मरतील, त्याहून जास्त नाही, असा हिशोब राष्ट्राध्यक्षांपुढे मांडतो तेव्हा इंग्रजी जेमतेम समजणाऱ्यालाही त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह वाचता येतो. तीन भूमिका करणाऱ्या पीटर सेलर्सबद्दल मी वेगळं काय सांगणार. शिवाय संपूर्ण हॉलसमोर संकोच न वाटता दाखवता येईल असा चित्रपट आहे.

मग अडलं कुठे? विमानापाशी.

शेवटच्या भागात एक बी-५२ विमान लक्ष्याकडे निघालेलं असतं. जवळच क्षेपणास्त्र फुटतं, संदेशयंत्रणा जाते, इंधन गळू लागतं, परतीचा हुकूम पोचूच शकत नाही. आतली माणसं वाईट नाहीत. ती कामाला चोख आहेत, एकमेकांना सांभाळणारी आहेत, आणि मागे सैनिकी कूचगीताची धून वाजत असते. बॉम्बच्या खालची दारं अडकतात, वैमानिक मेजर कॉंग स्वतः खाली उतरून बॉम्बवर बसतो आणि तारा जोडू लागतो. दारं उघडली त्या क्षणी आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागून शिट्टीही आली. हा बॉम्ब पडला की रशियाचं प्रलययंत्र आपोआप सुरू होणार आणि पृथ्वीवर कोणी उरणार नाही, हे त्याच प्रेक्षकांनी थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं होतं.

कुब्रिकने हे जाणूनबुजून केलंय, हे मला कळतं. आपण किती सहज वाहवत जातो हेच त्याला दाखवायचं असावं. पण तो मुद्दा पोचायचा तर वाजवलेली टाळी माणसाला नंतर बोचली पाहिजे, आणि चहा पिऊन घरी जायच्या एका संध्याकाळीत ते घडताना मला दिसलं नाही. चर्चा वैमानिकाच्या धाडसावर गेली, मग आपल्या हवाई दलाकडे कोणती विमानं आहेत यावर. सगळ्या चित्रपटात थेट पलीकडच्या बाजूशी बोलून हे थांबवू पाहणारा राष्ट्राध्यक्ष, त्याचा रशियन पंतप्रधानाशी झालेला तो अवघडलेला फोन, याची आठवण निघाली ती पलीकडचा प्यायलेला होता म्हणून. वाटाघाटी करणारा माणूस हास्यास्पद ठरला आणि बॉम्ब टाकणारा लक्षात राहिला. हे माझ्या मनातून जात नाही.

कदाचित काळ वेगळा असता तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. पण मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या चालवल्या होत्या, आणि आमच्याच गल्लीत त्यावर जल्लोष झाला होता. त्या टाळ्या आणि हॉलमधल्या टाळ्या मला वेगळ्या करता येत नाहीत.

‘इन द लूप’मध्ये टाळी वाजवावी असं काहीच नाही. आर्मांडो इयानुचीचा २००९चा हा चित्रपट २००३च्या इराक युद्धाच्या सावलीत बनलेला आहे, पण इराकचं नाव त्यात येत नाही. ब्रिटनचा पंतप्रधान दिसत नाही, अमेरिकेचा अध्यक्षही नाही. आहेत ते मधल्या फळीतले: मंत्री, सल्लागार, सचिव, एक जनरल. सायमन फॉस्टर हा ब्रिटिश मंत्री रेडिओवर बेसावधपणे युद्ध ‘अनपेक्षित’ असल्याचं बोलून जातो, आणि दोन्हीकडची माणसं त्याला आपापल्या कामासाठी ओढू लागतात. युद्धाची तयारी करणाऱ्या समितीला वॉशिंग्टनमध्ये नाव दिलेलं असतं भावी नियोजन समिती.

यात युद्ध कोणी वेडा माणूस सुरू करत नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. वेडा जनरल पाहिला की आपण सुटतो, कारण आपल्याकडे तसा कोणी नाही असं म्हणता येतं. इथे मात्र युद्ध नको असलेली माणसं बहुसंख्य आहेत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते होतं. जनरल मिलर विरोधात आहे. एका पार्टीत तो लहान मुलीच्या खोलीत बसून, आकडे मोठ्याने बोलणाऱ्या खेळण्यातल्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करतो आणि हाताशी बारा हजारच सैनिक आहेत, तेवढ्यात भागणार नाही, हे दाखवून देतो. तोच मिलर शेवटी आता युद्ध लागलंय आणि मी शिपाई आहे असं म्हणून जागेवर राहतो. फॉस्टर राजीनामा द्यावा की आत राहून काही करावं यात घुटमळतो. त्याच्या मतदारसंघातल्या कार्यालयाची भिंत शेजारच्या म्हातारीच्या बागेवर झुकलेली असते. ती तक्रार घेऊन येणारा माणूस आमच्याकडे सगळ्यांना लगेच ओळखीचा वाटला. नगरसेवकाच्या दारात अशी माणसं आपण रोज बघतो.

आणि तो अहवाल. एका कनिष्ठ अधिकारी मुलीने युद्धाच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे मांडलेले असतात, विरोधातले कितीतरी जास्त. ते सगळे काढून टाकले जातात आणि उरलेला कागद गुप्त माहिती म्हणून वर जातो. हे दृश्य संपलं तेव्हा आमच्यातले एक निवृत्त कारकून काका म्हणाले, ‘‘प्रतिकूल शेरा काढला आणि फाइल वर पाठवली. हे तर मी आयुष्यभर पाहिलंय.’’ त्या संध्याकाळची चर्चा तिथून सुरू झाली आणि हॉलची वेळ संपली तरी थांबेना. टेरी टॉवेलच्या निर्यातीत असलेला एक मित्र तांबड्या समुद्रात जहाजांवर झालेल्या हल्ल्यांबद्दल बोलला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली तेव्हा वाढलेलं भाडं आणि रखडलेला माल सोलापूरच्या कारखान्यांपर्यंत कसा पोचला, ते त्याने सांगितलं. कोणीतरी इंग्रजांनी १९३०मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा, विषय काढला, तोही कागदावरच्या हुकमानेच आला होता म्हणून. विमानांबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

हा कागदाचा खेळ निव्वळ कल्पना नाही, हेही सांगायला हवं. इराक युद्धातल्या ब्रिटनच्या भूमिकेची सरकारी चौकशी झाली, तिचा म्हणजे चिलकॉट चौकशीचा अहवाल जुलै २०१६मध्ये आला. नि:शस्त्रीकरणाचे शांततामय मार्ग संपण्याआधीच ब्रिटन इराकवरच्या स्वारीत उतरलं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. चर्चेच्या सुरुवातीला एवढं सांगितलं तरी लोक सरसावून बसतात.

आता या चित्रपटाच्या अडचणी, कारण त्या लहान नाहीत. शिव्या. पंतप्रधानांचा प्रसिद्धिप्रमुख माल्कम टकर शिवीशिवाय वाक्य पुरं करत नाही, आणि पीटर कपाल्डीने ते काम असं केलंय की एकही शिवी वाया जात नाही. आजी-आजोबा आणि कॉलेजच्या मुली एकाच रांगेत असतील तर अवघड होतं. आमच्याकडे काही मंडळी उठून गेली, आणि त्यांना दोष देता येणार नाही. संवादांचा वेग तर असा, की इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असतात. पहिला बराचसा भाग लोक फक्त कोण कोणाचा माणूस हेच लावत बसतात. तुमचा प्रेक्षक शाळकरी मुलांचा किंवा अगदी मिश्र वयाचा असेल, तर ‘स्ट्रेंजलव्ह’च घ्या. मात्र मेजर कॉंगच्या दृश्यानंतर चर्चा कशी वळवायची ते आधी ठरवून ठेवा, आणि राष्ट्राध्यक्षाच्या फोनपासून बोलायला सुरुवात करा.

पण प्रेक्षक कमावते, मतदान करणारे, कुठल्या ना कुठल्या कचेरीत टेबलामागे बसणारे असतील, तर माझा कल ‘इन द लूप’कडे आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. निमंत्रणातच ‘फक्त प्रौढांसाठी, भाषा शिवराळ आहे’ असं ठळक लिहा. दारात प्रत्येकाच्या हाती एक कागद द्या, त्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन पात्रांची नावं, हुद्दे आणि युद्धाबाबत कोण कोणत्या बाजूला आहे एवढंच असू दे. आम्ही तो फळ्यावर लिहिला होता, अंधारात कोणाला दिसला नाही. जाहीर प्रदर्शनाच्या परवानगीचंही आधी बघा. मध्यंतर घ्यायचंच असेल तर कॅल्क्युलेटरच्या दृश्यानंतर घ्या. बारा हजारांचा तो आकडा लोक चहाच्या रांगेत एकमेकांना सांगू लागतात, आणि पुढचा भाग मग कोणी सोडून जात नाही.